रंभाबाईंच्या खारातलं जांभळं झाड

वैशाखात बुऱ्हाणपूरला सकाळ अशी नसतेच. सहालाच गच्चीची फरशी पायाला कोमट लागते, आठला चटके देते, आणि तापीवरचा वारासुद्धा भट्टीला वळसा घालून आल्यासारखा येतो. म्हणून रंभाबाईंची कामं उन्हाच्या आधी. कैरीच्या फोडी चादरीवर पसरायच्या, खाराच्या बरण्यांची फडकी सोडून आत डोकवायचं, आणि ज्या बरणीतलं पाणी उतरलं असेल तिच्यात उकळून गार केलेलं मिठाचं पाणी ओतून कैऱ्या परत बुडवायच्या. कैरी उघडी पडली की बुरशी आलीच.

पस्तीस वर्षांत त्यांच्या एकाही बरणीला बुरशी लागली नव्हती. धूलकोटची ही पोर लग्न होऊन नेपानगरला कागदाच्या मिलच्या कॉलनीत आली आणि दोनच उन्हाळ्यांत अख्ख्या कॉलनीची लोणची तिच्या हाताखाली आली. नवरा आत्माराम रिटायर झाला, बुऱ्हाणपूरच्या लालबागेत घर बांधलं, तरी जुन्या शेजारणी रिकामी बरणी पिशवीत घालून अजून येतात. मिठाचं रंभाबाईंना कुणी शिकवावं, असं माणूस नेपानगर ते बुऱ्हाणपूर या पट्ट्यात नव्हतं.

गच्चीवरचं उरकून त्या खाली मधल्या खोलीत आल्या. इथे घरातली सगळ्यात मोठी बरणी होती. चार फुटी, काचेची, आणि त्यांची नव्हती. सुनेची होती.

योगिता शाळेत विज्ञान शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिनं ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, पाणी गार ठेवायचं यंत्र लावलं तेव्हा आत्माराम म्हणाले होते, "माणसाले कूलर अन् माशाले चिलर. पुढच्या जन्मी मले मासा कर रे देवा." टाकीत दोन नारिंगी मासे होते, चार गोगलगायी होत्या, आणि मधोमध दगडाला धरून ते जांभळं झाड होतं. गॉर्गोनियन. समुद्रातलं पोवळ्याच्या जातीचं. पण हे समुद्रातून ओरबाडलेलं नव्हतं. इंदूरच्या एका मास्तरांच्या टाकीतच वाढलेल्या फांदीचा हा दोन बोटांएवढा तुकडा, पाण्याच्या पिशवीत घालून योगितानं मांडीवर धरून आणला होता. आता तो हातभर झाला होता. मध्ये एकदा योगिताच्या नवऱ्याचा, उमेशचा हात लागून त्याची एक फांदी मोडली. योगितानं ती दगडाला चिकटवली, तर तीही वाढायला लागली. तेव्हापासून उमेश टाकीपासून दोन हात लांबूनच चालायचा.

"आई, हे झाड नाही," योगितानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "याच्यावर हजारो जीव आहेत. एकेकाला तोंड, एकेकाला आठ हात."

"आठ हात तं देवीले असतेत," रंभाबाई हसल्या होत्या. पण दुसऱ्या दिवसापासून, कुणी बघत नाहीसं पाहून, त्या रोज सकाळी टाकीसमोर थोडं थांबायला लागल्या. दिवा लागला की झाड उघडायचं, जांभळ्या फांद्यांवर तपकिरी मखमल उगवायची. पंपाच्या पाण्यात ती एका बाजूला झुकायची, परत यायची. समुद्र रंभाबाईंनी पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी, तेवढंच ठाऊक.

मग योगिताला भोपाळला तीन आठवड्यांचं ट्रेनिंग लागलं. उमेश तर हात लावायलाच तयार नव्हता. जाताना ती सासूला टाकीसमोर घेऊन बसली. दोन कॅन दाखवले. निळ्यात महिन्याच्या पाणीबदलासाठी मिठाचं तयार पाणी, पांढऱ्यात साधं फिल्टरचं. "रोज पाणी उडतं आई. या रेघेपर्यंत पांढऱ्या कॅनचं टाकायचं. बस, इतना ही. तुमच्या भरवशावर जातेय."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सुनेनं आपलं काहीतरी पूर्णपणे सासूच्या हातात दिलं ते हे पहिल्यांदाच. रंभाबाईंनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी पाणी दोन तांबे उतरलेलं पाहून त्यांनी निळा कॅन उचलला.

ऐकलं नव्हतं असं नाही. नीट ऐकलं होतं. पण खारात साधं पाणी ओतायचं? मीठ फिकं पडलं की काय होतं ते पुस्तक वाचलेल्या पोरीला काय ठाऊक. ती घाईत होती, बोलून गेली असेल. सलग दहा दिवस त्यांनी हातच्या बरणीला करावं तसं, निगुतीनं, निळ्या कॅनचं पाणी ओतलं. निळा संपत आला तेव्हा टाकीच्या मिठाच्या डब्यावर योगितानं लिहिलेल्या मापानं नवं कालवलंसुद्धा.

अकराव्या दिवशी झाड उघडलं नाही.

दिवा लागला, मासे हिंडायला लागले, पण मखमल काही उगवेना. फांद्या नागड्या काड्यांसारख्या उभ्या. बाराव्या दिवशीही तेच. तेराव्या दिवशी त्यांच्यावर मेणासारखी चकाकी आली, जणू वर साय धरलीय.

"सडलं वाटते," चहाचा कप घेऊन आलेले आत्माराम म्हणाले. "काढून टाक. नाही तं मासेबी मरतीन."

"तुमचं काढू का काही?"

"माहं काय सडलं नाही अजून."

"मंग चूप बसा."

योगिताचा फोन रोज यायचा. रंभाबाई रोज सांगायच्या, मजेत हाय. त्या दिवशीही तेच सांगितलं, आणि फोन ठेवून गच्चीवर गेल्या.

आदल्या दिवशी खाराचं पाणी गाळताना थोडं परातीत सांडलं होतं. परात तशीच उन्हात राहिली होती. पाणी कधीच उडालं होतं, आणि परातीच्या बुडाशी पांढरा, करकरीत थर बसला होता. रंभाबाईंनी सवयीनं तो नखानं खरवडला, जिभेला लावला. आणि तशाच उकिडव्या बसून राहिल्या.

पाणी गेलं. मीठ गेलं नाही.

असा थर त्यांनी हजारदा घासून काढला असेल. पण बरणीतल्या कैरीला मीठ चढलं तर बिघडतं काय? मेलेल्या फोडीला जास्तीचं मीठ चालतं. उलट टिकते. टाकीत मात्र रोज नुसतं पाणी उडत होतं, मीठ तिथंच होतं, आणि रंभाबाई वरून रोज आणखी मीठ ओतत होत्या. जितं झाड त्यांनी मुरायला घातलं होतं.

त्यांनी तिथूनच, उन्हातच, फोन लावला.

"योगिता, मी खोटं बोलली तुह्याशी." आणि निळ्या कॅनपासून परातीपर्यंत सगळं सांगितलं.

पलीकडून योगितानं विचारलं, "मासे खातायत?"

"खातेत."

"मग थांबा. एकदम पाणी बदलू नका, त्यानंच मरेल. सकाळी दोन तांबे खारं काढायचं, दोन तांबे साधं टाकायचं. संध्याकाळी परत तसंच. कमी झालं तरी फक्त पांढरा कॅन. और वो जो चमक है ना आई, ती सड असेलच असं नाही. ते कात टाकतं कधी कधी. वास येतो का?"

रंभाबाई खाली आल्या, टाकीवर वाकल्या, दीर्घ श्वास घेतला. "नाही. वल्ल्या दगडाचा येते, तसाच येते."

"मग हात लावू नका. पंपाचं तोंड तेवढं त्याच्याकडे वळवा." मग ती म्हणाली, "रागावले नाही मी. पर अगली बार सुन लेना."

"ऐकलं होतं वं," रंभाबाई म्हणाल्या. "पटलं नव्हतं."

त्यानंतरचे सहा दिवस त्यांनी तांबे मोजले. बरण्यांकडे लक्ष कमी झालं. एका शेजारणीला तर "पुढच्या आठवड्यात ये" म्हणून परत पाठवलं, जे कधी घडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फांद्यांवरची साय सुटायला लागली. पंपाच्या झोतात तिचे पातळ पापुद्रे उसवून तरंगत गेले, आणि खालची काडी नव्या कापडासारखी जांभळी निघाली. पण मखमल नव्हती. आत्माराम येता-जाता टाकीत डोकवायचे, तेही रंभाबाईंना खुपायचं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी, गच्चीवर जायच्या आधीच, त्यांनी टाकीतून दोन तांबे काढले, दोन टाकले. दिवा लागला. फांदीच्या टोकाला काहीतरी धुरकट दिसलं.

"अहो," त्या न हलता म्हणाल्या, "तुमचं ते भिंग आणा."

आत्माराम मिलमध्ये लगद्याचे तंतू पाहायचे, ते पितळी भिंग अजून कपाटात होतं. त्यांनी ते आणून दिलं. रंभाबाईंनी ते काचेला टेकवलं, एक डोळा मिटला.

आधी नुसतं भोक दिसलं. टाचणीच्या टोकाएवढं. मग त्या भोकातून काहीतरी हळू वर आलं, थांबलं, अंदाज घेतल्यासारखं, आणि उलगडलं. हात. प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी मोराच्या पिसासारखी झालर. रंभाबाईंनी ओठांनी मोजले. आठ. शेजारचं भोक उघडलं. आठ. त्याच्या शेजारचं. पाण्यातून गेलेला एक कण एका हातानं अलगद अडवला आणि मधल्या तोंडाकडे नेला, अगदी माणूस घास नेतं तसा. इतक्या लहान जिवाला भूक लागते. इतक्या लहान जिवानं आठ दिवस दार लावून घेतलं होतं, त्यांच्या मिठाला भिऊन. त्यांच्या डोळ्यांसमोर एका वितीच्या काडीवर शेकडो दारं एकामागून एक उघडत होती, कुणी सांगितल्याशिवाय, आणि आवाज म्हणाल तर कसलाच नाही.

त्यांचे दोन्ही हात आपसूक जुळले. भिंग मध्येच अडकलं.

"काय दिसून राह्यलं?" आत्मारामांनी विचारलं.

रंभाबाईंनी भिंग त्यांच्या हातात दिलं. आत्माराम वाकले. चहा गार होईपर्यंत वाकलेलेच राहिले. "पस्तीस वर्षं धागेच पाह्यले या भिंगातून," ते अखेर म्हणाले. "एकानंबी मले हात नाही दाखवला."

रंभाबाईंनी योगिताला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल टाकीसमोर धरला. पलीकडून योगिताचा आवाज आला, "खुल गया? आई, खुल गया ना?"

"ये तू," एवढंच त्या म्हणाल्या.

ऊन जिन्यापर्यंत आलं होतं. त्यांनी पांढऱ्या कॅनमधून पाणी रेघेपर्यंत आणलं, तांब्या पालथा घातला, पदर खोचला आणि गच्चीवर गेल्या. फोडी पसरायच्या राहिल्या होत्या. कोपऱ्यातल्या बरणीचं फडकं सोडलं तर खार दोन बोटं उतरला होता, एक कैरी उघडी पडली होती. रंभाबाईंनी मिठाच्या पाण्याचं पातेलं ओढलं आणि सावकाश, धार न तोडता, ती बुडेपर्यंत ओतलं.