वाढायची पाळी

“तुमच्या मुलाला वाढायची पाळी नाही. त्याला सूट आहे,” रेक्टर म्हणाले, आणि माझ्या बापानं हात जोडले.

आम्ही कॉलेजच्या वसतिगृहात, जेवणघरात उभे होतो. भिंतीवर तक्ता होता. रोज चार मुलांनी पंगतीला वाढायचं, त्याच्या पाळ्या. बाप उंद्रीहून आलेला, धुतलेलं धोतर नेसून. इतका खूश झाला की मला कोपरानं ढोसलं. “पाह्य, किती चांगले लोक हायेत. तुले अभ्यासाले टाइम भेटन.”

मीही खूश झालो. हे सांगताना आजही लाज वाटते.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आम्हाला बौद्ध होऊन पाच-सहा वर्षंच झाली होती. वस्तीतला पहिला मॅट्रिक मी. डोक्यात डॉक्टर व्हायचं खूळ. दोन कॉलेजं डोळ्यांसमोर होती, औरंगाबादचं आणि हे जिल्ह्यातलं. शाळेतले गुरुजी म्हणाले होते, “इमारतीला भुलू नको. प्रयोगशाळा बघ. पुस्तकं मुलांच्या हाती लागतात का बघ. मग ठरव.” मी बघितलं. प्रयोगशाळा झकास. ग्रंथालयाची कपाटं उघडी. शिवाय इथून रविवारी आजारी आईला भेटून येता येणार होतं.

मग नजर तक्त्याच्या तळाशी गेली. ‘सूट’ असं लिहून खाली तीन नावं. तिन्ही आडनावं आमच्याच लोकांची. एक पाटील नाही, एक देशमुख नाही.

बाप रेक्टरांच्या मागे ऑफिसात गेला. मी त्या तिघांतल्या एकाला शोधून काढलं. वडनेरचा होता. शेवटची खोली. त्यानं दार अर्धंच उघडलं.

“पाळी मागू नको,” तो हळूच म्हणाला. “पंगतीत बसू देतात, पन आपल्या हातचं खात नाहीत. म्या मागितली होती. प्रॅक्टिकलले दोनदा नापास केलं. तू औरंगाबादले जाय बे.”

बोलताना तो माझ्याकडे बघतच नव्हता. व्हरांड्यात कोणी येतंय का, ते बघत होता. दोन वर्षांनी याच दारात मी असाच उभा असेन, असं वाटलं.

ऑफिसात फॉर्म तयार होता. रेक्टरांनी पेन पुढे केलं.

मी म्हणालो, “सूट कशासाठी, ते लेखी द्या.”

“अरे, तुझ्याच सोयीसाठी.”

“मग तसं लिहून द्या. मला तो कागद कलेक्टर कचेरीत दाखवायचाय. नाहीतर मला पाळी द्या.”

बापानं पुन्हा हात जोडले. “पोरगं हाय साहेब, माफी करा.” त्याचे जोडलेले हात मी धरले आणि खाली केले. इतका राग मला तोवर कधी आला नव्हता.

रेक्टर उठले. त्यांनी दार लावून घेतलं. रसायनशास्त्राचे प्राध्यापकही तेच होते. अगदी मऊ आवाजात म्हणाले, “सोमवारची पाळी घे. पण बाळ, प्रॅक्टिकलचे गुण आमच्या हातात असतात.”

मी सही केली.

बाहेर आल्यावर मी बापाला सगळं सांगितलं. तो फाटकापाशीच थांबला.

“मंग सही काऊन केली बे? नापास करतीन ना तुले. औरंगाबादले जाय. तिथं आपले लोक हायेत.”

“म्या गेलो तं इथं कोन वाढन?”

माझ्याकडे धीर फारसा नव्हता, खोटं कशाला सांगू. माझी डॉक्टरकी त्या माणसाच्या मुठीत होती आणि तो ती मूठ आवळणार, हे मला कळून चुकलं होतं. आवळू दे. सोमवारी मी वरणाची बादली घेऊन पंगतीत उतरणार. ज्याला ताट सोडून उठायचं त्यानं उठावं. मी शेवटच्या ताटापर्यंत वाढत जाणार.