नाल्यात काहीही सोडू नये

त्या वर्षी उन्हाळ्यात नदीतले मासे मेले, त्याचा अर्ज मी लिहिला होता. आण्णा सांगत होते आणि मी लिहीत होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात घाटाच्या वर आमचं घर, आणि घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नदीत जाळं टाकून जगलेली. मी तेवढी शिकले आणि नगरपालिकेच्या आरोग्य विभागात कारकून झाले. सासर गावातच असल्यामुळं कामावर जाताना रोज आण्णांना भेटून जायची सवय होती. त्या दिवशी गेले तर आण्णा घरात नव्हते. घाटावर जाऊन बघते तो पायरीवर बसलेले, आणि समोरच्या पाण्यावर पांढरा थर. जवळ गेल्यावर कळलं की ती माशांची पोटं आहेत. वाम, मरळ, शिंगाडा, बोटाएवढी पिलंसुद्धा. पाण्याचा रंग काळपट आणि वास असा की पदर नाकाला लावावा लागला.

"वरनं आलंय," आण्णा म्हणाले. "पाटंचं काळं पाणी आलं आन्‌ मागनं ह्ये. लिव तू. सायबास्नी लिव."

मी घरी बसून प्रदूषणाच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. भाषा माझी होती, कारकुनी वळणाची. 'सदर बाबत योग्य ती चौकशी होऊन कार्यवाही व्हावी.' वरच्या कुठल्या कारखान्याकडनं पाणी आलं हे आण्णांनी तीनदा सांगितलं होतं. मी ते एका ओळीत 'वरील बाजूने' असं लिहून टाकलं. त्याखाली आण्णांनी अंगठा न उठवता सही केली, कारण सही करता येते याचा त्यांना अभिमान होता.

आमच्या विभागात डासांचं काम बघायला एकच माणूस उरला होता. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मूळचे औंधाकडचे, कोरडवाहू भागातले. तरुणपणी इकडं आले, फवारणीला लागले आणि इथलेच झाले. आण्णांचे ते मित्र. सुट्टीच्या दिवशी दोघं घाटावर तंबाखू मळत बसायचे. एकाचं बोलणं माशांचं, दुसऱ्याचं डासांचं, आणि तरी दोघांचं जमायचं.

मामांचा आठवडा ठरलेला असे. सोमवारी वरची आळी, मंगळवारी बाजारपेठ, असं करत शनिवारी नदीकडचा नाला. पाठीवर पंप, हातात जळक्या ऑइलचा डबा. गटारात, नाल्याच्या डबक्यात ते ऑइल सोडायचे, म्हणजे पाण्यावर तवंग धरून अळ्या गुदमरतात. पण खरं काम ते घराघरांत करायचे. दारात उभं राहून हाक मारायची, "बाय, बॅरल बघू." झाकण काढून बॅटरी मारायची. अळी दिसली की बाईला बोलावून दाखवायची आणि बॅरल तिच्यादेखत ओतून टाकायचं. पाणी चार दिवसांनी येणारं, त्यामुळं बायका भांडायच्या. मामा ऐकून घ्यायचे. ज्यांना ओतणं अगदीच जड जायचं, त्यांच्या बॅरलमध्ये औषधाचे मोजून थेंब टाकायचे आणि दारामागं खडूनं तारीख लिहायचे.

अर्ज गेल्यावर महिन्याभरात दोन साहेब जीप घेऊन आले. आण्णा त्यांच्याबरोबर काठानं हिंडले. साहेबांनी बाटल्या भरल्या. पण तोवर काळं पाणी वाहून गेलं होतं. नदी वरून स्वच्छ दिसत होती. जिथं गावचा नाला नदीला मिळतो तिथं मात्र पाण्यावर ऑइलचा सप्तरंगी तवंग होता. साहेबांनी तिथंही बाटली भरली.

पुढं नगरपालिकेला पत्र आलं. आवक नोंदीत ते मीच चढवलं. नदीस मिळणाऱ्या कोणत्याही नाल्यात परवानगीशिवाय तेल वा रसायन सोडू नये, अन्यथा कारवाई करण्यात येईल. वरच्या काळ्या पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. चुकीचं काय होतं त्यात? नाल्यात जळकं ऑइल सोडणं वाईटच. आण्णा स्वतःच कधी कधी मामांना म्हणायचे, "गड्या, तुझं त्याल माझ्या मास्याच्या नाकात जातंय." पण आमचे साहेब घाबरले. नवे होते, बदलीवर आलेले. त्यांनी कुठलं तेल, कुठलं औषध, नाल्यात की घरातल्या बॅरलमध्ये, असा भेद करत बसायला नको म्हणून सगळंच बंद केलं. पंप, ऑइल, थेंबांच्या बाटल्या, सगळं भांडारात ठेवून कुलूप लावलं. परवानगी येईपर्यंत मामांना आठवडी बाजाराच्या झाडलोटीवर घातलं. तो आदेश मी टाईप केला.

मामांना तो वाचून दाखवायचं कामही माझंच होतं. ते टेबलाजवळ टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"म्हंजी घरात जाऊन बगायचं बी न्हाई?"

"आदेशात फवारणी आणि औषध बंद म्हटलंय, मामा."

"बगायला काय औषद लागतंय व्हय?"

मी साहेबांना विचारून आले. साहेब म्हणाले, तुम्ही गेलात आणि कुणी तक्रार केली तर उत्तर कोण देणार? सध्या नको.

मामांनी सही केली. जाताना एवढंच म्हणाले, "आन्नाला सांगू नगंस. त्याला वाईट वाटंल."

मी सांगितलं नाही. आण्णांना बाजारातून कळलं. ते संध्याकाळी माझ्याकडं आले, चहासुद्धा घेतला नाही. "मी काय सांगितलं आन्‌ तू काय लिवलंस?" म्हणाले. मी जपून ठेवलेली प्रत काढून वाचून दाखवली. आण्णांनी डोळे मिटून ऐकली. त्यात मामांचं नाव नव्हतं, तेलाचं नव्हतं, पण काळं पाणी नेमकं कुठून येतं तेही नव्हतं. आण्णा उठून गेले.

परवानगीचा प्रस्ताव मीच तयार केला. तो एकदा नकाशा नाही म्हणून परत आला, एकदा औषधाचं प्रमाण लिहिलं नाही म्हणून. प्रमाण मामांना पाठ होतं, पण त्यांचं पाठ असणं चालत नव्हतं, पुस्तकातला आधार लागत होता. तो मिळेपर्यंत श्रावण लागला. दरम्यान मामांनी स्वतःच्या मनानं गप्पी मासे आणून नाल्यात सोडून पाहिले. गप्पी मासा अळ्या खातो. पण आमच्या नाल्याच्या पाण्यात तो दोन दिवससुद्धा जगला नाही.

डास वाढले. लोक कार्यालयात येऊन मलाच बोलायचे, "मामा कुठं हाईत? यीनात कसं?" मी पत्र दाखवायचे. लोकांना पत्र काय करायचं होतं? बॅरलं भरलेली राहिली. चार दिवसांचं पाणी आठ दिवस राहिलं, खाली जुनं आणि वर नवं.

मामांचा मुलगा फौजेत. सून मलकापूरची, कऱ्हाडच्या अलीकडची. मुलगा सीमेवर असला की ती सासऱ्यांजवळ राहायची. तिला दीड वर्षाची मुलगी होती. हसरी बाई, बोलणं ठसकेबाज. मामांना ती म्हणायची, "आवं मामंजी, सगळ्या गावाची बॅरलं बगता, आपल्या घरचं मी बगते." आणि बघायची.

ती आजारी पडली तेव्हा पहिले दोन दिवस साधा ताप समजून घरातच काढले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. डेंग्यू निघाला. मी दुपारी सुट्टीत बघायला गेले तर ती उशीला टेकून मुलीची वेणी घालायचा प्रयत्न करत होती. मुलीला वेणीएवढे केसही नव्हते.

"ताई, दोन दिसांत उठते बगा," म्हणाली.

ताप उतरला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. डेंग्यूत ताप उतरल्यावरच जपायचं असतं, हे मामांना माहीत होतं. त्यांनी तिला लगेच मिरजेला हलवलं. पेशी कमी होत गेल्या. आण्णा आणि मी दवाखान्याच्या आवारात बसून होतो. आण्णा आणि मामा दोन महिन्यांनी एकमेकांसमोर आले होते. आण्णांनी तंबाखूची पिशवी पुढं केली. मामांनी ती घेतली आणि न उघडताच हातात धरून ठेवली.

दवाखान्यात नेल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला. गणवेशातच होता. अंत्यविधी उरकला होता, कारण थांबणं शक्य नव्हतं. तो दारात उभा राहिला आणि आधी कोपऱ्यातल्या बॅरलकडं गेला. झाकण काढून आत बघितलं. आत स्वच्छ तळ दिसत होता. तिनं ते घासून ठेवलं होतं.

"मंग कुटनं आलं, आबा?" त्यानं वडिलांना विचारलं.

मामा म्हणाले, "डासाला भिंत न्हाई, लेका."

गावातल्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की डेंग्यूचा डास गटारात होत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. तेव्हा नाल्यातलं ऑइल बंद झाल्यानं हे घडलं असं म्हणता येणार नाही. ते मला धीर देण्यासाठी बोलत होते. पण मला माहीत होतं की शेजारच्या चार घरांत मामांची खडूची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची होती. त्या घरांत बॅटरी घेऊन कुणी गेलं नव्हतं. नियमात घरात जायला बंदी नव्हती. ती आमच्या कार्यालयानं घातली, आणि तिचा कागद माझ्या हातचा होता. मी साहेबांना दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. नोकरीत माणूस एकदा विचारतो आणि गप्प बसतो, एवढंच.

दहाव्याच्या दिवशी आण्णा मामांच्या घरी गेले. मी सोबत होते. आण्णा उंबऱ्यातच बसले.

"माझ्या अर्जानं झालं, गड्या," म्हणाले. "मी मासं बगितलं. मानसं न्हाई बगितली."

मामांच्या मांडीवर नात झोपली होती. तिला थोपटत ते म्हणाले, "तुझं मासं मेलं ती काय खोटं हुतं का रं?"

आण्णा रडले. माझी आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

परवानगी दिवाळीनंतर आली. घरोघरी औषध टाकायला हरकत नाही, नाल्यात फक्त जैविक औषध वापरावं, जळकं ऑइल वापरू नये. वाचलं तर अगदी समंजस पत्र होतं. ते जूनमध्ये आलं असतं तर मामांनी आनंदानं पाळलं असतं. कुलूप काढलं तेव्हा पंपाचं रबर चिकटून गेलं होतं. मामांनी ते घासून, तेल देऊन चालू केलं आणि पुन्हा सोमवारी वरच्या आळीपासून सुरुवात केली. आता बायका भांडत नाहीत. ते दिसले की स्वतःच बॅरल ओततात. मामांना ते आवडत नाही. खाली मान घालून पुढच्या घरी जातात.

मी विभाग बदलून मागितला. आता जन्ममृत्यूच्या नोंदी बघते. मिरजेच्या दाखल्यावरून घेतलेली तिची नोंद त्याच वहीत आहे, माझ्या आधीच्या कारकुनाच्या अक्षरात. ते पान मी उघडत नाही.

पुढच्या वैशाखात पुन्हा काळं पाणी आलं. पुन्हा मासे वर आले. आळीतले लोक आण्णांकडं गेले, अर्ज करू म्हणाले. आण्णांनी नको म्हटलं. टोपलीत मेलेले मासे गोळा करून काठावर खड्डा काढला आणि पुरले. दोन दिवस ते हेच करत होते.

तिसऱ्या दिवशी मामा नातीला कडेवर घेऊन माझ्या घरी आले. म्हणाले, "पोरी, अर्ज लिव. आन्ना सांगनार न्हाई, म्या सांगतो."

मी वही घेतली. या वेळी पाणी कुठून येतं ते मामांनी सांगितलं तसंच लिहिलं, जागा, वेळ, वास, सगळं. माझी कारकुनी भाषा मी घातली नाही. शेवटी मामा थांबले, नातीच्या हातातली पेन्सिल काढून घेत म्हणाले, "आन्‌ खाली लिव, डासाचं काम थांबवू नये, त्येचा ह्येच्याशी संबंद न्हाई."

लिहिलं. मामांनी सही केली, मीही केली. प्रदूषणाच्या कार्यालयात जाऊन पोच घेतली. बाटल्या भरायला अजून कुणी आलेलं नाही. आण्णा सकाळी घाटावर जातात, पण होडी पाण्यात ढकलत नाहीत.