आबांचा रंधा, सुनीलचं दार

"भाऊ, चमकला पाहिजे. एकदम नव्यासारखा!" म्हणत सुनीलनं पिशवी माझ्यापुढे ठेवली. आतून आबांचा रंधा निघाला. माझ्या पोटात दुखायला लागलं.

मी सुतार. नव्वदच्या दशकात सुरतेत लिंबायतला एका शेठच्या फर्निचर कारखान्यात मिस्त्री होतो. सुनील माझा धाकटा भाऊ, बँकेत क्लार्क. त्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. आमचे वडील, आबा, जळगावकडून सुरतेला आलेले सुतार. रंधा म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार. आबांचा विलायती होता, लोखंडी. मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो, पण त्या रंध्याला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. आणि जाताना म्हणाले, "रंधा सुनीलला द्या."

अरे, तो काय बँकेत नोटा तासणार होता?

आईला मी तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "तुले त्यांनी हात दिला. त्याले काय दिलं?" तिचं चूक नव्हतं. माझा जळफळाट मात्र काही कमी झाला नाही.

सुनीलनं रंधा पलंगाखाली टाकून ठेवला होता. गंजून लाल झालेला. आता पर्वत पाटिया भागात त्याचा नवा फ्लॅट होत होता आणि हॉलच्या शोकेसमध्ये त्याला वडिलांची आठवण हवी होती. ते शोकेस मीच बनवायचं, मेन दारही मीच बसवायचं.

रंधा खोलायला घेतला. आत पातं असतं. त्याच्यावर एक पट्टी स्क्रूनं आवळलेली असते, तिच्यामुळे लाकूड फाटत नाही. तो स्क्रू जाम. जोर केला असता तर त्याची खाच तुटली असती, म्हणून रॉकेल सोडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फिरला. पट्टीखाली गंज पोहोचलाच नव्हता. तिथे अजून तेलाचा ओशटपणा होता. ते तेल आबांनी लावलेलं. पुसताना सुनीलचा असा राग आला की फडकं फेकून चहाला निघून गेलो.

परत येऊन काचेवर पॉलिश पेपर ठेवून तळ घासला. लाकडी मूठ आबांच्या हातानं झिजली होती. माझा पंजा तिच्यात बरोबर बसला. सुनीलचा बसला नसता, या विचारानं जरा बरं वाटलं.

शेठ मागे येऊन उभे राहिले. "मिस्त्री, आ पोतानुं काम छे के घराकनुं?"

"घराकनुं," मी म्हणालो. स्वतःचं नाही, गिऱ्हाइकाचं.

शेवटी पात्याला धार लावली. ती कुणी सांगितली नव्हती. सागाच्या फळीवर चालवून पाहिला, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका निघाला.

"शोकेसमध्ये ठेवायला धार कशाला, भाऊ?" सुनील म्हणाला.

"धार नसली तर ती नुसती इस्त्री."

तो हसला. लाल मखमल अंथरून त्यानं रंधा ठेवला आणि शोकेसची काच मी स्वतः बंद केली. आता हा कधी लाकडाला लागणार नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच दिवशी मेन दार बसवलं. दार आणि चौकटीत सूतभर फट ठेवतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. सुनीलच्या दाराला मी कुलपाच्या बाजूनं अर्धंच सूत ठेवलं.

पावसाळ्यात फोन आला. "भाऊ, दार अडकतंय. खांदा लावून उघडावं लागतं."

मी गेलो. दार उतरवलं, आडवं टेकवलं. "अरेच्चा, रंधा कारखान्यातच राहिला. तुझा काढ बरं."

सुनीलनं काच सरकवली. रंधा माझ्या हातात आला आणि पहिल्याच फटक्याला छिलका लांबच्या लांब निघाला. आई खुर्चीतून बघत होती. "असाच आवाज यायचा घरात," ती म्हणाली. सुनीलनं छिलका उचलून हुंगला.

"भाऊ, जरा जास्त काढून टाका ना. दरवर्षी कटकट नको."

"एकदम काढलं की दार खिळखिळं होतं," मी म्हणालो आणि त्या वर्षापुरतंच काढलं.

रंधा अजून त्याच्याच शोकेसमध्ये आहे. मी अजून जळतो. पावसाळ्यात त्याचा फोन येतो आणि मी रिकाम्या हातानं जातो. कारखान्यात नव्या कारागिरांना मात्र बजावून सांगायचो, दाराला पूर्ण सूतभर फट ठेवा. दार सख्ख्या भावाचं असेल तर आधी मला विचारा.