रिकामी जागा म्हणून पुसलेले पेपर

माझी नणंद अंध मुलांच्या शाळेत शिकवते. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही. तिला त्याचं काही नाही, झुरणारे आम्हीच. शाळेचे ब्रेलचे, म्हणजे ठिपक्यांचे पेपर तीच तयार करते. छापून आलेला कागद डोळे मिटून बोटांनी तपासते. मी एकदा विचारलं, डोळे कशाला मिटायचे? म्हणाली, "वहिनी, उघडे ठेवले की ते चोंबडेपणा करतात."

घरात संगणक एकच, बैठकीच्या खोलीत. त्यात दोन बिऱ्हाडं आहेत असं मी समजते, एक यांचं, एक तिच्या ठिपक्यांचं. सुरू केला की काळ्या पडद्यावर यादी येते आणि कुठे जायचं ते विचारते. दहा सेकंदांत सांगितलं नाही तर थेट तिच्याकडे नेते. या दहा सेकंदांवर यांचा फार राग. माझ्याच घरात मला काय विचारतंय, म्हणायचे.

आज सकाळी ती शाळेत गेल्यावर यांनी साफसफाई काढली. यांच्या बाजूने पाहिलं तर तिच्या भागाला नाव नाही, गाव नाही. रिकामी जागा समजून पुसून मोकळे झाले. पुन्हा सुरू केला तर यांचंही उघडेना, तिचंही उघडेना. नुसती इंग्रजीतली एक ओळ आणि लुकलुकणारी रेघ. ती यादीच मुळी तिच्या भागात राहत होती.

परवा सात मुलांची परीक्षा. पेपर फुटू नयेत म्हणून शाळेचा नियमच आहे, छपाईपर्यंत पेपर एकाच यंत्रात, दुसरी प्रत काढायची नाही. म्हणजे जे होतं ते तिथेच होतं.

यांनी तिला कळवलं नाही. गुपचूप दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, अर्ध्या तासात सगळं नवं टाकून देतो. नवं टाकलं की खालचं जुनं कायमचं गेलं, एवढं तिच्याकडून ऐकून ऐकून मलाही कळतं. मी वायर उपसली आणि मांडीवर घेऊन बसले. बावीस वर्षांत यांच्यासमोर अशी बसले नव्हते. दुरुस्तीवाला चपला घालून गेला. मी नणंदेला फोन केला.

मधल्या सुट्टीत ती धापा टाकत आली. पुसल्यानंतर त्यावर काही भरलं का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर खुर्ची ओढली, पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरूनच संगणक चालू केला, आतल्या कशालाही हात न लावता. मला म्हणाली, पुसलं म्हणजे फक्त कुंपण पाडलंय, सामान अजून जागेवर आहे. जुनं कुंपण कुठून कुठवर होतं ते शोधायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी नामस्मरण करत होते, पण जिभेवर देवाचं नाव आणि पोटात यांच्यावरची आग.

हे मागे उभे. गप्प राहावं की नाही? म्हणाले, एवढं महत्त्वाचं होतं तर नाव द्यायचं होतं त्या भागाला.

ती वळली. "दादा, परवा सात मुलं कागदावर बोटं टेकवणार होती आणि कागद गुळगुळीत लागला असता. तेव्हा त्यांना काय सांगणार होतास? नाव दिलं नव्हतं म्हणून?"

यांनी चष्मा पुसायला घेतला.

कुंपण सापडलं, तिने ते होतं तिथेच पुन्हा घातलं. संगणक सुरू केला, यादी आली. तिने सातही पेपर उघडून शेवटच्या प्रश्नापर्यंत पाहिले. मग सगळ्या तारा काढल्या, खोका चादरीत गुंडाळला आणि शाळेत घेऊन गेली. छपाई आजच करते म्हणाली. जेवली नाही.

संध्याकाळी देवापुढे बसले. रोज मनात राग आला म्हणून क्षमा मागते, आज मागितली नाही. बाहेर हे दुरुस्तीवाल्याला फोनवर सांगत होते, काही नाही हो, घरच्या घरी जमलं, मीच बसलो जरा.

मी जप अर्धा सोडून उठले, यांच्या हातातून फोन घेतला आणि कोणी काय पुसलं आणि कोणी परत आणलं, ते त्याला पहिल्यापासून सांगितलं.