अवसेचं पाकीट

विंझरचा गेनू आमच्या मलेरियाच्या संशोधनात नऊ वर्षं राबला. ताप आलेल्याच्या बोटाला टोचायचं, पहिली गोळी देण्याआधी रक्ताचा थेंब जाड कागदावर घ्यायचा आणि वाळवून पाकिटात घालायचा, हे त्याचं काम. कुठले जंतू गोळीला दाद देत नाहीत, ते त्या थेंबातल्या जंतूंच्या जनुकांवरून कळणार होतं. भोरच्या ऑफिसात पाकिटांवरच्या तारखा मी संगणकात भरायचो.

तीन वर्षांपूर्वी त्याची मुलगी राजनंदिनी तापाने गेली, गोळ्या चालू असताना. ताप चढला तो नेमका अवसेला. रतनबाई, त्याची बायको, आडवी आली, तरी गेनूने पोरीला टोचलं. "अवसंला तुमी रगत काढलं, म्हनून गेली माजी लेक," हे ती पुढे रोज ऐकवू लागली. गेनू म्हणायचा, "थांब, पाकीट तपासू दे. मग कळंल, कशानं गेली ती." आमची तपासणी मुंगीच्या पावलांनी चालते. तो बिचारा वाट बघत राहिला.

यंदा निम्मी पाकिटं तपासून झाली; राजनंदिनीचं अजून बाकी होतं. चैत्राली मॅडम, आमच्या प्रमुख, हरखून म्हणाल्या, "अवसेच्या पाकिटांत चिवट जंतू दुप्पट! असं का बरं?"

गेनू दारात उभा होता. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं!

"अवसंला कुनी रगत देत न्हाई, मॅडम. गोळी मातुर घेत्यात. म्या दुसऱ्या दिशी टोचायचो, अन् आदल्या दिसाची तारीख घालायचो. न्हाईतर त्यांची पाकिटं बाद झाली असती."

म्हणजे गोळीने नरम जंतू आधीच मारले होते. चिवट तेवढे मागे उरले होते. मी भडकलो, नको ते बोललो. मॅडमनी अवसेची सगळी पाकिटं बाद केली.

"राजनंदिनीचं खरं हाय," गेनू म्हणाला. "गोळीआदीच टोचलं व्हतं."

"गेनूभाऊ, एकट्या तुमच्या घरचं खरं, असं मी कशावरून लिहू? बाद झालेलं तपासता येत नाही. नियम आहे."

पाकिटं जाळायला गेली. यादीतला राजनंदिनीच्या पाकिटाचा आकडा मीच खोडला, आणि त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

रतनबाई अजून तेच ऐकवते. गेनू आता "थांब" म्हणत नाही.