चेंबरमधले हिरवे पाणी

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. गणेशोत्सव तोंडावर आला होता आणि लालबाग-परळ भागातल्या आमच्या पोलीस ठाण्यात मंडळांच्या कार्यकर्त्यांची बैठक चालू होती. मंडपाच्या परवानग्या, ध्वनिक्षेपक, दर्शनाच्या रांगांसाठी लागणारे बांबू, असे एकेक विषय निघत होते. मी तेव्हा तिथे सहायक पोलीस निरीक्षक होतो. बैठक अर्ध्यावर असताना ठाणे अंमलदार दारात येऊन उभे राहिले. पालिकेच्या रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या हवालदाराचा निरोप होता. गटार साफ करायला चेंबरमध्ये उतरलेला एक कामगार भाजून दाखल झाला होता. डोळ्यांना इजा होती.

बैठक सहकाऱ्यावर सोपवून मी आधी जागेवर गेलो. एका जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत चाळ आणि तिला लागून तळमजल्यावर तीन गाळे. चाळीचे संडास तुंबले म्हणून कंत्राटदाराची माणसे चेंबर उपसायला आली होती. झाकण अजून उघडेच होते आणि तिथला वास नाकात नाही, थेट घशात बसत होता. जखमी कामगाराचा जोडीदार कडेला बसून होता. दोरीला धरून त्यानेच मित्राला वर ओढले होते. त्याच्या हातांना दोरीचे वळ होते आणि तो कोणाशी बोलत नव्हता.

बोलत होता तो मुकादम. "साहेब, सेफ्टीचं सगळं सामान आहे आपल्याकडे. मास्क, बूट, गॉगल, सगळं."

"कुठे आहे?"

"गाडीत."

"गाडीत कशाला? खाली माणूस उतरला होता की गाडी?"

माणसाला असे खाली उतरवणेच कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होते. मी पंच बोलावून जागेचा पंचनामा केला, चेंबरमधल्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून सील केले आणि रुग्णालयात गेलो.

कामगार चाळिशीतला, अँटॉप हिलला राहणारा. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, मानेवर आणि हातांवर मलम. बायको पायाशी उभी होती. उशाशी एक सिस्टर सलाईनची गती बघत होती. तिशी ओलांडलेली, चेहऱ्यावरून कामाला पक्की.

"थोडंच बोला, साहेब," ती म्हणाली. "बोलताना त्यांचे गाल हलतात, जखम ओढली जाते."

मी थोडेच विचारले. त्याने सांगितले ते असे : "वाकून पिशव्या काढत होतो. बाजूच्या पाइपातनं एकदम पाणी आलं. हिरवं होतं. तोंडावरच आलं. मग काय दिसलंच नाही."

"हिरवं? नक्की?"

"शेवटचं तेवढंच दिसलं, साहेब. हिरवंच होतं."

सिस्टरचा हात सलाईनच्या नळीवर थांबलेला मी पाहिला. तेव्हा वाटले, दिवसभराच्या कामाने थकली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याचा फोन वाजला. तो मीच उचलला. बाईचा आवाज होता.

"काल गटारात माणूस भाजला, त्याबद्दल सांगायचंय. मागे गाळे आहेत ना, तिथे मुलामा देतात. निकेलचं पाणी हिरवं असतं." मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "मधला गाळा बघा, साहेब."

फोन बंद झाला. नाव सांगितले नव्हते, पण आवाज मी ओळखला. ती वॉर्डातली सिस्टर होती. तिला गाळ्यातली ही माहिती कशी, हे मात्र कळेना. स्टेशन डायरीत मी 'गोपनीय बातमी मिळाली' एवढेच लिहिले.

पालिकेच्या मलनिस्सारण खात्याचा एक तरुण अभियंता मदतीला आला. त्याने मला सोप्या शब्दांत समजावले. घरातले सांडपाणी सार्वजनिक वाहिनीत जाते, जायलाच हवे. पण कारखान्याचे पाणी सोडायचे तर आधी परवानगी लागते आणि त्यातल्या ऍसिडचा जोर मारून, गाळ खाली बसवून मगच ते सोडायचे. "वाहिनी सगळ्यांची आहे, साहेब," तो म्हणाला. "म्हणूनच तिच्यात काय जातंय ते एकट्याने ठरवायचं नसतं."

त्याने मधल्या गाळ्याच्या मोरीत गुलाबी रंगाची पूड टाकून वरून बादल्या ओतल्या. आम्ही बाहेर चेंबरपाशी उभे राहिलो. चाळीच्या गॅलरीत बायका जमल्या होत्या. थोड्या वेळाने बाजूच्या पाइपातून गुलाबी पाणी आले. कामगार वाकला होता नेमके तिथेच. वरून कोणीतरी ओरडले, "आलं, आलं!"

गाळ्याचा मालक दारात हात पुसत उभा होता. साठी उलटलेला, अंगात बनियन, नखांच्या कडा काळपट. गणपतीचे मुकुट, प्रभावळी, पूजेची उपकरणी यांना मुलामा देण्यात त्याचे आयुष्य गेले होते. आत ऑर्डरच्या मुकुटांची चवड लागली होती.

"मोरी जोडलेली आहे, नाही कोण म्हणतं?" तो म्हणाला. "हात धुतो, भांडी धुतो, ते पाणी जातं. ऍसिड मी ओतत नाही. त्याची गाडी येते, ती घेऊन जाते."

रंगाने एवढेच सिद्ध झाले होते की वाट आहे. त्या वाटेने काय गेले, कोणी सोडले, हे राहिलेच. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले.

तो बाकाच्या अगदी कडेवर बसला, उठून जायची घाई असल्यासारखा. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचे उत्तर यायचे. माझा अनुभव असा की खरे बोलणाऱ्याला आठवायला वेळ लागतो. खोटे बोलणाऱ्याचे उत्तर घरूनच तयार असते. पण हा सराईत नव्हता. उत्तर दिले की तो माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघायचा. आवाज चढवला असता तर कदाचित लवकर मोकळा झाला असता, कदाचित कायमचा मिटला असता. मी चहा मागवला आणि विषय बदलला.

"घरी कोण कोण असतं, काका?"

"मी आणि मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सिस्टर आहे." त्याने रुग्णालयाचे नाव सांगितले. ते तेच होते. नाव सांगताना तो त्या दुपारी पहिल्यांदाच ताठ बसला.

माझ्या हातातले पेन तसेच राहिले. सलाईनच्या नळीवर थांबलेला तो हात आता मला समजला. लहानपणापासून बापाच्या बनियनवर तिने तेच हिरवे डाग पाहिले असणार.

"तिला यातलं काही कळायला नको, साहेब," तो म्हणाला. "तो माणूस तिच्याच दवाखान्यात आहे म्हणे." मग त्याने विचारले, "माझं नाव कोणी दिलं तुम्हाला? शेजारच्या गाळ्यानं?"

"ते मी सांगणार नाही. बातमी कोणाकडून आली, हे सांगायला कोर्टसुद्धा मला भाग पाडू शकत नाही."

तेवढ्यात ती आली. ड्यूटीवरून थेट आली असावी. गणवेशातच होती, हातात डबा. बाप कधीचा ठाण्यात आहे हे शेजाऱ्यांनी तिला कळवले होते. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा पाहून मला कळले की ही आता बोलणार. मी मान हलवून तिला थांबवले. तिचे नाव कागदावर कुठेही आले नव्हते आणि येणारही नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले आणि बापाकडे वळली.

"बाबा, फोन मी केला होता."

तो उठून उभा राहिला. बाजूच्या टेबलावर लिहिणारा हवालदार लिहायचा थांबला. मला वाटले, आता हा तिच्यावर ओरडेल किंवा कोसळेल. अशा प्रसंगी दोन्ही पाहिले आहे. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच कोणाकडे तरी नीट बघत होता. मग एरवी माझ्याशी शहरी मराठीत बोलणाऱ्या त्या माणसाने घरच्या मालवणीत तिला विचारले,

"जेवलंस काय गो?"

तिने मान हलवली. नाही म्हणून. आणि तिथेच, टेबलाची कड धरून ती रडायला लागली. त्याने तिच्या हातातला डबा काढून घेतला, बाकावर ठेवला, तिला जवळ बसवले. मग माझ्याकडे वळला. "लिहा साहेब. मीच ओतलं. खाली माणूस आहे हे ठाऊक नव्हतं, देवाशपथ. पण ओतलं मीच."

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे तेवढ्यावर थांबून भागणार नव्हते. पंचांसमक्ष त्याचे निवेदन नोंदवले आणि त्याच्यासोबत गाळ्यात गेलो. पोटमाळ्यावर पोत्यांच्या मागे दडवलेला निळा कॅन आणि रबरी नळी त्याने स्वतः काढून दिली. गाळ्याच्या कोपऱ्यात पाणी शुद्ध करायची टाकी होती. ती तडकलेली होती.

"वर्षानुवर्षं या टाकीतनंच पाणी सोडलं, साहेब. पावसाळ्याच्या तोंडाला तडकली. गाडीही वेळेवर येईना. म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत, मग नवी बसवू. तोवर थोडं थोडं..."

कॅनमधले आणि चेंबरमधले पाणी एकच असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल यथावकाश आला. विषारी पदार्थाबाबत हयगय आणि निष्काळजीपणाने गंभीर दुखापत, अशी कलमे लागली. कंत्राटदाराकडून मला निरोप आले की ऍसिड ओतणारा सापडला, प्रकरण संपले. मी संपू दिले नाही. ऍसिड ओतणारा एक होता, पण गॉगल गाडीत ठेवून माणसाला खाली पाठवणारा दुसरा होता. मुकादम आणि कंत्राटदार, दोघांचीही नावे मी आरोपपत्रात घेतली. त्यांचा खटला पुढे वेगळा चालला आणि बराच लांबला.

म्हाताऱ्याला जामीन मिळाला. दुसऱ्याच दिवशी तो ठाण्यात आला. "एकदा त्याला भेटू द्या. पाया पडतो आणि येतो."

"नाही, काका. तो साक्षीदार आहे. निकाल लागेपर्यंत त्याच्या आसपासही जायचं नाही."

तो गेला नाही. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत मुलीला सोडायला जायचा आणि तिथूनच परत फिरायचा, हे मला तिथल्या हवालदाराने सांगितले. मुलीने आरोपीशी असलेले आपले नाते मेट्रनला स्वतःहून सांगितले आणि दुसऱ्या वॉर्डात बदली मागून घेतली. इकडे कामगार पट्टी बदलायला येणाऱ्या प्रत्येकीला विचारायचा, "आमच्या ताई कुठे गेल्या?"

त्याचा उजवा डोळा वाचला. डाव्याला उजेड आणि सावली एवढेच कळते. म्हाताऱ्याने न्यायालयात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. दंड झाला, थोडी कैद झाली. वकील म्हणत होता अपील करू. त्याने केले नाही. शिक्षा भोगून तो बाहेर आला तेव्हा गाळा बंद झाला होता आणि मुकुटांचे काम दुसरीकडे गेले होते.

त्यानंतर तो मला म्हणाला, "आता तरी जाऊ का?" आता अडवायला माझ्याकडे कारण नव्हते. एकटे जायची त्याची छाती होईना, म्हणून मी साध्या कपड्यांत सोबत गेलो. मुलगीही होती. अँटॉप हिलच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. कामगाराने दार उघडले. मुलगी बोलली तशी आवाजावरून तिला ओळखून तो हसला. "ताई! या की." मग तिच्यामागे उभ्या म्हाताऱ्याकडे त्याने मान जरा तिरकी करून, उजव्या डोळ्याने पाहिले. निकालाच्या दिवशी कोर्टात पाहिलेला चेहरा त्याला ओळखता आला.

म्हाताऱ्याने काय बोलायचे ते ठरवून आणले असावे. पण तो खाली वाकू लागला तसे कामगाराने त्याला दंडाला धरून वर घेतले. "काका, आत या. उंबऱ्यावर नको." बायको मात्र भिंतीला पाठ लावून उभी होती, तिने म्हाताऱ्याकडे नजर वळवली नाही. तो तिचा हक्क होता. चहा शेवटी तिनेच केला. म्हाताऱ्यासमोर कप ठेवताना हात थोडा जोरात टेकला, एवढेच. पुढे कामगाराच्या डोळ्याच्या तपासणीला जायचे असले की म्हातारा त्याला हाताला धरून न्यायचा. असे बरीच वर्षे चालले. मी बदली होऊन गेलो तरी मला कळत राहिले.

बातमी देणारी माणसे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. कोणी वैरापोटी बातमी देते, कोणी भीतीपोटी, कोणी आपल्यावरचे बालंट टाळायला. स्वतःच्या जन्मदात्याची बातमी, तीही त्याच्यावर जीव असताना, कोणी दिलेली दुसरी मला आठवत नाही. म्हणून त्या दिवशी कामगाराच्या घरून, चढावरून खाली येताना, म्हातारा पुढे चालत असताना, मी तिला विचारलेच, "ताई, फोन करायचं बळ कुठून आणलंत?"

ती थोडी चालली, मग म्हणाली, "त्यांना आणलं तेव्हा मीच डोळे धूत होते, साहेब. हिरव्या पाण्याचं त्यांनी सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं. पण मी गप्प बसणार होते, खरं सांगते. तुम्ही गेल्यावर ते कण्हत कण्हत म्हणाले, 'ताई, वर जो कोण होता ना, त्याला ठाऊक नसणार मी खाली आहे. नायतर कोण कशाला ओतेल?' त्यांनी शिव्या दिल्या असत्या ना, तर मी बाबांना लपवलं असतं."

पुढे वळणावर म्हातारा आमच्यासाठी थांबला होता. माणसाचे तोंड उघडायच्या किती तरी पद्धती मी प्रशिक्षणात शिकलो, पुढच्या मुलांना शिकवल्या. त्या कामगाराने काय केले ते मात्र मला कोणी शिकवले नव्हते. न पाहिलेल्या माणसाबद्दल तो चांगले धरून चालला आणि त्या एका वाक्याने एका घराचे दार आतून उघडले.