राक्षसाचा जीव कशात?

“राक्षसाचा जीव कशात व्हता?” मुलं पुस्तक परत करायला आली की मावशी आधी हेच विचारायच्या.

पनवेलच्या आमच्या वाचनालयात मी बालविभाग सांभाळायचे. मावशी पुस्तकांना कव्हरं घालायच्या, फाटकी पानं चिकटवायच्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण मुलांच्या जाडजूड जादूच्या कादंबऱ्या एकही न सोडता वाचलेल्या.

“घड्याळात होता,” खारघरचा एक मुलगा म्हणाला.

“आमच्या आयच्या गोष्टीत पोपटात व्हता. पोपटाचं घड्याळ झालं, बाकी राक्षस तोच.”

मी स्वतः अशी कादंबरी लिहिली, तेव्हा पहिलं वाचन त्यांचंच. चार दिवसांनी त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

“धाकटी पोर हाय, तीन परीक्षा हायत, बोलणारं जनावर हाय. समदं बरोबर. पन पोरीला घरी का नाय आणलं?”

“ती तिथे राणी होते, मावशी.” जुना साचा मोडला म्हणून मी खूश होते.

मावशी म्हणाल्या, “गोष्टीतली पोर जाते ती परत यायला. आमचं गाव विमानतळात गेलं. आमाला परत जायला उंबरा नाय. तुमच्या पोरीला तरी उंबरा ठेवा.”

मी शेवट पुन्हा लिहिला. दोन महिने लागले. मुलगी घरी येते तेव्हा आई आधी तिच्या पायांवर पाणी घालते, हे मावशींनीच सांगितलं. मुलांची सगळ्यात जास्त पत्रं त्याच पानाबद्दल आली.

करंजाड्याच्या एका शाळेत पुस्तकाचा कार्यक्रम होता. मी मावशींना सोबत नेलं. बाईंनी त्यांची ओळख ‘वाचनालयाच्या सेविका’ अशी करून दिली. मी माइक घेतला आणि म्हटलं, “या माझ्या संपादक.”

टाळ्या चालू असताना मावशींनी हळूच विचारलं, “संपादक म्हंजे काय?”

“लेखकाची चूक दाखवतो तो.”

“मंग हाय मी,” म्हणाल्या आणि पदर सारखा करून ताठ बसल्या.

निवृत्तीनंतर त्या उलव्याला मुलाकडे राहायला गेल्या. गेल्या वर्षी वारल्या. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “संध्याकाळी खाली बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना गोष्टी सांगायच्या. मोडक्यातोडक्या हिंदीत.”

परतताना इमारतीखाली पाहिलं. वाळूच्या ढिगावर सात-आठ मुलं बसली होती. एक चिमुरडी हात हलवून गोष्ट सांगत होती आणि बाकीची तिला मध्येच थांबवून दुरुस्त करत होती.